दॅट साँग ओन्ली

माझ्या नातीचा आवडता बँड इंग्रज आहे हे मला कळलं, तोवर फार उशीर झाला होता. पुण्यातल्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर मी लिहून मोकळी झाले होते: ‘नात लहानपणापासून हॉलंडात, पण दिवसभर ऐकते इंडियन बँड. घरातलं वळण कुठे जातं?’ त्यावर हात जोडलेल्या चित्रांचा आणि गुलाबांचा नुसता खच पडला. एका मैत्रिणीने तर अमेरिकेतल्या स्वतःच्या नातवाला फोन करून माझ्या नातीचं उदाहरण दिलं.

आणि मी काही मनाने ठोकून दिलं नव्हतं. रीतसर विचारलं होतं. तिच्या माळ्यावरच्या खोलीतून छत फोडून तेच तेच गाणं खाली यायचं, म्हणून एकदा जिन्यात गाठून म्हटलं, “काय गं हे?” ती म्हणाली, “इंडी बँड आहे, आजी.” आता माझ्यासारखीने इंडी म्हटल्यावर काय समजायचं? पोरीला ‘इंडियन’ पूर्ण म्हणायचाही आळस, एवढंच मला वाटलं.

मग एक दिवस तिने फोनवर फोटो दाखवला. चार गोरे बाप्ये. पन्नाशीकडे झुकलेले, एकाचं पोट सुटलेलं, एकाच्या अंगात कोपराला विरलेला स्वेटर.

“हे इंडियन?”

“आजी! इंडी. इंडिपेंडंट. मोठ्या कंपनीचे नाहीत ते.”

“मग कुणाचे आहेत?”

“कुणाचेच नाही. स्वतःचे.”

“म्हणजे बेकार आहेत.”

ती डोळे फिरवून वर निघून गेली. ग्रुपवर मी दुरुस्ती टाकली नाही. आजतागायत टाकलेली नाही.

मी फेब्रुवारीत लेकीकडे आले होते, फोरबर्गला. तीन महिने राहायचं, ट्यूलिप बघायचे आणि परत जायचं असा बेत. मार्चमध्ये करोनामुळे विमानं बंद झाली आणि मी त्या उभट डच घरात अडकले. घर म्हणजे काय, तर एकावर एक ठेवलेले डबे आणि त्यांना जोडणारा शिडीसारखा जिना. खालच्या डब्यात जावई जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून बसलेले, मधल्या डब्यात लेक पलंगावर ऑफिस मांडून बसलेली, वरच्या डब्यात नात आणि तिचा बँड. मी कुठे बसायचं याचा विचार कुणी केला नव्हता. स्वयंपाकघर जावयांच्या मागे उघडंच. फोडणी घालायची तर परवानगी लागे.

“आई, पाच मिनिटं. क्लायंट बोलतोय.”

“मोहरी टाकली आहे हो मी. ती क्लायंटसाठी थांबेल का?”

एकदा मोहरी अशी तडतडली की पलीकडच्या डच बाईने जावयांना विचारलं, तुमच्याकडे पाऊस पडतोय का? जावई ‘हो’ म्हणाले. असा माझा जावई. भांडण टाळण्यासाठी हवामानसुद्धा बदलेल.

पण खरी काळजी वरच्या डब्याची होती. नातीचं शाळेचं शेवटचं वर्ष. सरकारने बोर्डाची परीक्षाच रद्द केली, तेव्हा गल्लीतली सगळी पोरं सायकली घेऊन बोंबलत सुटली. शाळेचे स्वतःचे मार्क धरणार होते, आणि नातीचे मार्क बरे होते. राहिला होता फक्त एक मोठा प्रबंध. त्याला डचमध्ये प्रोफीलवेर्कस्टुक म्हणतात. माझ्या जिभेला तो शब्द पेलेना, म्हणून मी त्याला ‘स्टुक’ म्हणू लागले. बाकीच्या पोरांनी आपापले स्टुक हिवाळ्यातच देऊन टाकले होते. हिने शाळेकडून मुदत मागून घेतली होती, कारण हिचा विषय होता त्या चार बाप्यांची कारकीर्द, आणि ते एप्रिलमध्ये इथे कार्यक्रम करायला येणार होते. कार्यक्रम ऐकायचा, त्यांना भेटायचं आणि मग शेवटचं प्रकरण लिहायचं असा हिचा डाव. मे महिन्याच्या अखेरीपर्यंत स्टुक दिला नाही तर डिप्लोमा नाही. डिप्लोमा नाही तर मास्ट्रिख्टच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश नाही.

मास्ट्रिख्टच का? माझी लेक रोज सांगे, “डेल्फ्टला जा. सायकलवर आहे. दुपारी घरी जेवायला येता येईल.” आणि म्हणूनच मास्ट्रिख्ट. या देशात आईपासून जितकं लांब जाता येतं तितकं लांब. त्याच्या पुढे गेली असती तर पासपोर्ट दाखवावा लागला असता, निदान त्या दिवसांत.

तर ती कारकीर्द. जेवणाच्या टेबलावर ती मला इतक्यांदा ऐकावी लागली की आजही अर्ध्या झोपेत सांगू शकेन. उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा गावात शाळेतले चार दोस्त. माशाच्या दुकानामागच्या शेडमध्ये तालमी. पहिली रेकॉर्ड एका चिमुकल्या कंपनीने काढली आणि तिची पाकिटं बेस वाजवणाऱ्याच्या आईने खळ लावून चिकटवली. मग एक गाणं रेडिओवर लागलं, बसथांब्यावर कुणाची तरी वाट पाहण्याचं, आणि ते इतकं गाजलं की मोठी कंपनी धावत आली. दुसऱ्या रेकॉर्डला तीस व्हायोलिनं लावली, ती आपटली. बेसवाला रुसून शाळामास्तर झाला. बँड मोडला. पुन्हा जुळला. तिसरी रेकॉर्ड कुणी विकत घेतली नाही. पुन्हा मोडला, पुन्हा जुळला. शेवटी इंग्लंडात यांना कुणी विचारेना, पण हॉलंड-बेल्जियमच्या लहान हॉलांमधून लोक येत राहिले, म्हणून हे दरवर्षी बोटीत बसून इकडे येत राहिले.

“आणि लोक येतात कशाला?” मी विचारलं.

नातीच्या कपाळावर आठी पडली. “बसस्टॉपवाल्या गाण्याला. ते सुरू झालं की फोन वर करतात. बाकी वेळ बियर घेतात. असल्या फॅन्सची मला चीड येते.”

तेच गाणं. छत फोडून येणारं ते नव्हतं मात्र. छतातून यायचं ते तिसऱ्या, कुणी न घेतलेल्या रेकॉर्डवरचं.

एप्रिलचा कार्यक्रम अर्थातच रद्द झाला. पुढची तारीख देऊ म्हणाले. मग मेच्या सुरुवातीला त्या चौघांनी जाहीर केलं की पुढची तारीख नाही, आता बँडच नाही. या खेपेला कायमचं. निरोप म्हणून एका संध्याकाळी चौघे आपापल्या घरून कॉम्प्युटरवर येतील, थोडं गातील, थोडं बोलतील, संपलं.

नात खाली आली, फ्रिज उघडला, काही न घेता बंद केला.

“संपलं, आजी. क्लार.”

“बँड संपला. स्टुक कुठे संपलाय?”

“स्टुकही क्लार. मी नाही लिहिणार.”

त्या दिवसापासून वरचा डबा बंद झाला. गाणंही थांबलं, आणि खरं सांगते, ते ऐकताना जितका वैताग आला नव्हता तितका ते थांबल्यावर आला. लेक मीटिंगच्या मधल्या वेळात जिना चढून दाराशी उभी राहायची आणि मराठीत ओरडायची, आतून डचमध्ये उत्तर यायचं. मग लेक खाली येऊन माझ्यावर ओरडायची, कारण माझ्यावर मराठीत ओरडलं की उत्तरही मराठीत मिळतं.

“मी म्हटलं होतं तिला, इकॉनॉमिक्सवर कर म्हणून! चार दारुडे...”

“ते दारू नाही पीत. तिसऱ्या रेकॉर्डनंतर सोडली त्यांनी.”

“आई, तूसुद्धा?”

आता इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या बंद दाराबाहेर ताट घेऊन उभी राहताना मला आत जी दिसत होती ती नात नव्हतीच. ती मी होते. मी आणि माझा तो बिनडोक तोरा.

लग्नाआधी मी ऑर्केस्ट्रात गात असे. अकॉर्डियन, बोंगो, दोन गायक आणि ‘एकमेव स्त्रीस्वर’ अशी जाहिरात असलेली मी. गणपतीत मंडळांमधून आमचे कार्यक्रम होत. मी स्वतःला काय समजत होते ते आठवलं की आज हसून ठसका लागतो. मी दुःखी गाण्यांची गायिका आहे असं मी ठरवलेलं होतं. त्यासाठी पांढरी साडी नेसायची, केस मोकळे सोडायचे, माइकच्या दांड्याला वेलीसारखं टेकायचं. घरी आरशासमोर सही करण्याचा सराव करायचे. माझी सही मागायला उभ्या आयुष्यात पोस्टमनखेरीज कुणी आलं नाही.

आणि लोकांना माझ्याकडून काय हवं असायचं? एक विनोदी द्वंद्वगीत होतं. त्यात मुलीला सर्दी झालेली असते आणि ती तालात शिंकते. मी शिंकले की मंडप डोक्यावर घ्यायचे. वन्समोअर! मी पुन्हा शिंकायची. पुन्हा वन्समोअर. त्यानंतर मी माइकला टेकून काळीज पिळवटणारं काही सुरू केलं की मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडे, “बाई, शिंका!” एका वर्षी मला हे सोसेना. मी ऑर्केस्ट्राच्या मालकांना म्हणाले, मी शिंकण्यासाठी जन्मलेली नाही. आणि राजीनामा दिला. मला वाटलं, आता ऑर्केस्ट्रा बंद पडेल, मालक दारात येतील, विनवण्या करतील. घरात दोन दिवस जेवले नाही. आईने तिसऱ्या दिवशी ताट केलंच नाही, तेव्हा मुकाट्याने स्वतः वाढून घेतलं. पुढच्या गणपतीत ऑर्केस्ट्राने दुसरी मुलगी आणली. ती माझ्यापेक्षा चांगली शिंकायची. मी चोरून ऐकायला गेले होते. करोनाच्या दिवसांत कुणी स्टेजवर शिंकली असती तर मंडप रिकामाच झाला असता, तो भाग वेगळा.

हे सगळं मी नातीला बंद दारातून सांगितलं. शिंक काढूनसुद्धा दाखवली. आतून आवाज आला, “आजी, दू नॉर्माल.” म्हणजे जरा माणसासारखी वाग. घरात सगळे मलाच सांगत होते.

निरोपाची ती संध्याकाळ आली. मी ठरवलंच होतं की हिला ते बघायला लावायचं. निरोप न घेता माणूस रुसून बसला की कसा वर्षानुवर्षं रुसलेला राहतो ते मला ठाऊक होतं. मी जावयांना कामाला लावलं. त्यांनी कॉम्प्युटर खालच्या मोठ्या टीव्हीला जोडला. मी वर जाऊन म्हटलं, “ये बाई. त्यांचं इंग्रजी मला कळत नाही. कुणीतरी सांगायला हवं.”

“तुला कळतं इंग्रजी.”

“इंग्रजी कळतं. ते जे बोलतात ते नाही कळत.”

हे मात्र खरं होतं आणि तिला ते पटलं. ती आली. बाहेर लख्ख ऊन. मे महिन्यात तिथे रात्रीचं जेवण झालं तरी सूर्य जायचं नाव घेत नाही. सोफ्यावर ती, मी, लेक. जावई खुर्चीवर, वायर धरून, कारण ती सैल होती.

टीव्हीवर चार चौकोन उघडले. चार घरं. गायकामागे सिंकमध्ये भांडी. गिटारवाला कुठल्यातरी जिन्याखाली बसलेला. बेसवाला मास्तर पुस्तकांसमोर, मास्तरसारखाच. आणि ढोलवाल्याच्या मागे कपडे धुवायचं मशीन चालू. एवढ्या मोठ्या निरोपाला या माणसाला चादरी धुवायच्या होत्या! शेजाऱ्यांनी बंदी घातली म्हणून त्याच्याकडे ड्रम नव्हते, मांडीवर बिस्किटांचा डबा होता. चौघांचा आवाज एका वेळी जुळेना, म्हणून गायक एकटाच गिटारवर गाणार आणि बाकीचे मध्ये मध्ये आठवणी सांगणार असं ठरलं होतं. बोलताना चौघेही एकमेकांकडे न बघता खाली बघत होते. बाजूला पट्टीत जगभरचे लोक काहीबाही लिहीत होते, ते भराभरा वर सरकत होतं.

गायकाने एक गाणं म्हटलं, आणि ते मी ओळखलं. छतातून येणारं. भावाला स्टेशनवर सोडायला गेलेला माणूस गाडी सुटल्यावरही फलाटावर उभा राहतो, एवढंच त्यात आहे. स्वयंपाकघरात बसून, सर्दटलेल्या आवाजात, तो ते अगदी साधं म्हणाला. पण मधेच माझा चष्मा सोफ्याच्या फटीत गेला आणि तो काढण्यात माझं अर्धं गाणं गेलं.

मग मी जे केलं ते आमच्या पिढीतल्या कुणीही केलं असतं. जावयांच्या कीबोर्डवर एका बोटाने लिहिलं: ‘वन्स मोअर. दॅट साँग ओन्ली.’ इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. आणि पाठवून दिलं.

“आजी, नी! नाही!” नात किंचाळली. “असं नाही करत तिथे! गाणं मागत नाही कुणी!”

“का? मंडपात तर...”

“मंडप नाहीये हा!”

तेवढ्यात गायकाने वाचलं. मोठ्याने वाचलं. वन्स मोअर, दॅट साँग ओन्ली. आणि त्याचा चेहरा पडला. तो काय बोलला ते नात दातओठ खात मला मराठीत सांगत होती, आणि मध्ये डच न मिसळता इतकं सलग मराठी ती माझ्याशी प्रथमच बोलत होती, हे लक्षात यायला तेव्हा कुणाला सवड होती?

“तो म्हणतो, हे बघा. तीस वर्षं. एवढी गाणी. आणि शेवटच्या दिवशीही यांना फक्त तेच एक गाणं हवंय. बसस्टॉपचं. बाकी काही नको. ‘ओन्ली’ म्हणे!”

“अगं, पण मी कुठे...”

“दॅट साँग ओन्ली म्हणजे फक्त तेच एक, आजी! बाकीची बंद करा, असं!”

जिन्याखालचा गिटारवाला म्हणाला, मग म्हण ना बाबा बसस्टॉप, लोकांना हवंय तर काय बिघडतं? गायक म्हणाला, तूच ते जाहिरातीला देऊन टाकलंस. मास्तर म्हणाला, पुन्हा सुरू झालं यांचं, म्हणूनच मी शाळेत गेलो. त्याच वेळी ढोलवाल्याचं मशीन पिळायला लागलं आणि त्याचा चौकोन थडथड हलू लागला. सगळा निरोप भांडणात निघाला. बाजूच्या पट्टीत लोक माझ्यावर घसरले. कुणीतरी मला काय म्हटलं ते नातीने भाषांतर करायला नकार दिला.

“आई, काय केलंस!” लेक.

“वायर काढू का?” जावई.

मला असा संताप आला की काय सांगू. यांच्या भाषेत साधं ‘तेच गाणं’ म्हणायची सोय नाही, हा माझा गुन्हा? आम्ही शाळेत इंग्रजी शिकलो तेव्हा ‘तेच’ म्हणजे ‘दॅट ओन्ली’, ‘इथेच’ म्हणजे ‘हिअर ओन्ली’. साऱ्या हिंदुस्थानाला समजतं. आणि हा गायक, माझ्यासारखाच तोरेबाज, शिंकायला सांगितलं म्हणून राजीनामा देणारा! मी टीव्हीला म्हणाले, “अरे गाढवा, मला तुझं ते बसचं गाणं आवडतसुद्धा नाही!”

नात माझ्याकडे बघत राहिली. “मग कुठलं म्हणालीस तू?”

“आत्ता म्हटलं तेच.”

“तेच म्हणजे हेच? फलाटाचं?”

“दुसरं कुठलं? रोज छतातून ऐकवतेस ना मला?”

तिने कीबोर्ड ओढून घेतला. इतक्या वेगात टायपताना मी माणूस पाहिलेलं नाही. काय लिहिलं ते तिने मला नंतर वाचून दाखवलं: ही माझी आजी आहे. आम्ही मराठी आहोत. आमच्यात शब्दाला शेवटी एक छोटा ‘च’ लावतात. त्याचा अर्थ ‘नेमकं हे, आत्ताचं, दुसरं नाही’. तिला इंग्रजीत तो लावता येत नाही म्हणून ती ‘ओन्ली’ लावते. तिला बसस्टॉप नकोय. तुम्ही आत्ता म्हटलंत ते तिला परत हवंय.

पट्टीत ते वर सरकून गेलं. तिने पुन्हा पाठवलं. पुन्हा सरकलं. तिसऱ्यांदा ढोलवाल्याने पाहिलं आणि मशीन बंद करून मोठ्याने वाचलं.

गायक कॅमेऱ्याजवळ वाकला. मग म्हणाला, “फलाटाचं? ते आजवर कुणी मागितलेलं नाही.” आणि विचारलं, लागोपाठ तेच पुन्हा का?

नात माझ्याकडे वळली. “का, आजी?”

काहीतरी मोठं बोलायची संधी होती. वयाच्या विशीत असते तर माइकला टेकून बोललेही असते.

“अगं, चष्मा शोधत होते मी. अर्धं गेलं.”

तिने तेच लिहिलं, तसंच्या तसं. चारही चौकोनांत हसू फुटलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते चौघे एकाच वेळी वर बघत होते. गायकाने फलाट पुन्हा म्हटलं. दुसऱ्या कडव्यात शब्द विसरला, तर जिन्याखालून गिटारवाल्याने ते उशिराने, बेसूर पुरवले. ढोलवाल्याने बिस्किटांच्या डब्यावर बोटं वाजवली. मग त्यांनी हात हलवले आणि चौकोन बंद झाले. बँड मोडला तो मोडलाच. माझ्या वन्समोअरने कुणाचं काही जुळलं नाही, उगीच कुणी तसं समजू नये.

पण दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत असताना नात लॅपटॉप घेऊन खाली आली आणि माझ्यासमोर बसली.

“आजी, ऑर्केस्ट्रात लोक ठरावीक गाण्यालाच वन्समोअर द्यायचे? मग तुम्ही पुढच्या वर्षी ते गाणं कुठे ठेवायचात? आधी की शेवटी?”

“शेवटी. नाहीतर लोक उठून जातात.”

“तुम्हाला चालायचं ते?”

“मालकांना चालायचं. मला नाही. म्हणून तर शिंक दुसरीकडे गेली.”

तिने जुना मथळा पुसून टाकला. तो होता ‘बँड का मोडला’. नवा झाला: एका गाजलेल्या गाण्याने बँडची कारकीर्द कशी चालवली. जे लोक फक्त बसस्टॉपला येतात त्यांच्यावर चिडण्याऐवजी तिने त्यांच्यापैकी काहींना पत्रं लिहिली, तुम्ही का येता म्हणून. उत्तरं आली. मलाही प्रश्न विचारले, इतके की मी वैतागून एकदा जावयांच्या मीटिंगमध्ये मोहरी टाकली. लेक दारातून म्हणायची, “थोडी आकडेवारी घाल गं, तक्ते घाल.” नात म्हणायची, “आई, क्लार?” म्हणजे, झालं का तुझं? मे संपता संपता स्टुक गेला. तोंडी परीक्षा कॉम्प्युटरवर झाली, तेव्हा मला पडद्याआड बसवलं होतं आणि न बोलण्याची शपथ घातली होती.

मार्क आले. सहा.

“सहा?” लेक म्हणाली. “दहापैकी?”

“हो!” नात नाचत होती.

“त्यात नाचण्यासारखं काय आहे?”

“आई, सहा म्हणजे पास!”

तिच्या शाळेतल्या मास्तरांनी शेरा लिहिला होता: आजीबद्दल फार, बँडबद्दल थोडं कमी. मला तो शेरा अन्यायाचा वाटला. कुणाबद्दल फार, ते त्यांनी एकदा मोजून बघायला हवं होतं. लेकीने तो कागद दोनदा वाचला, सहाच्या जागी आठ दिसतो का ते बघायला बहुधा चष्माही बदलला.

जूनमध्ये डिप्लोमाचा निरोप आला. तिथली पद्धत अशी की मूल पास झालं की घरावर झेंडा लावायचा आणि त्याच्या काठीच्या टोकाला शाळेचं दप्तर अडकवायचं. गल्लीभर झेंडे आणि दप्तरं लोंबत होती. आमच्याकडे झेंडाच नव्हता. जावई म्हणाले, कुठला लावायचा, भारताचा की इथला, याचा आधी विचार करू. विचार करण्यात दुपार गेली. नातीने कंटाळून फरशी पुसायच्या मॉपच्या काठीला नुसतं दप्तर अडकवलं आणि काठी माळ्याच्या खिडकीतून बाहेर काढली.

शेजारचे म्हातारे डच काका कुंपणापलीकडून, नियमाप्रमाणे दीड मीटरवरून, वर बघत म्हणाले, “दप्तर भिजलं का?”

“पास झाले!” नात खिडकीतून ओरडली.

काकांनी दोन्ही हात वर केले, तिचं अभिनंदन केलं, मास्ट्रिख्ट सुंदर आहे म्हणाले, तिथे डोंगरासारखं काहीतरी आहे म्हणाले, आणि आत गेले.

माझी लेक हात पुसत कुंपणाशी उभी होती, चेहरा तयार करून. ती काकांच्या बंद दाराकडे बघत राहिली.

“आई,” ती म्हणाली, “मार्क विचारलेच नाहीत गं त्यांनी.”